साफ्टा करार आणि ओझर परिसरातील कांदा : एक ऐतिहासिक विवेचन

प्रादेशिक व्यापारगटात सामील झाल्याने सदस्य देशाच्या उत्पादकास हक्काची बाजारपेठ लाभते, असे प्रतिपादन अर्थशास्त्रात सामान्यतः केले जाते. दक्षिण आशियाचा अनुभव त्यास पूर्णांशाने दुजोरा देत नाही. या दृष्टीने जुन्नर तालुक्यातील कुकडीकाठचे ओझर व त्याचा परिसर अभ्यसनीय ठरतो. येडगाव, माणिकडोह, डिंभे या धरणांमुळे जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात बागायत रुजली आणि उसाबरोबर कांदा हे येथील महत्त्वाचे नगदी पीक बनले. ओतूर, आळेफाटा व मंचर येथील बाजारांत त्याची मोठी आवक होते. बांगलादेश व श्रीलंका हे भारतीय कांद्याचे जुने ग्राहक होत.

सार्कची स्थापना ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे झाली. १९९३ च्या साप्टा करारातील सवलती वस्तुवार व तुटपुंज्या होत्या. ६ जानेवारी २००४ रोजी इस्लामाबाद येथे साफ्टावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि १ जानेवारी २००६ पासून तो अमलात आला. आयातशुल्क टप्प्याटप्प्याने घटविणे हा त्याचा गाभा होय. २०११ मध्ये भारताने अल्पविकसित सदस्यांसाठीची संवेदनशील यादी २५ वस्तूंवर आणली, ती याच धोरणानुसार.

निर्यातीचे काय? परिमाणात्मक निर्बंध हटविण्याची तरतूद साफ्टात आहे. परंतु गॅटला मान्य असलेले निर्बंध तीतून वगळले आहेत, आणि अन्नधान्याची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती निर्यातबंदी गॅटच्या ११ व्या कलमास मान्य आहे. ओझरच्या शेतकऱ्याचे भवितव्य या अपवादातच अडकले. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि ८ डिसेंबर २०२३ (सार्कचाच वर्धापनदिन, हा योगायोग बोलका आहे) अशी तीनदा निर्यात बंद झाली. २०१९ मध्ये बांगलादेशाला पाकिस्तान, इजिप्त व तुर्कस्तानातून विमानाने कांदा आणावा लागला. ग्राहक एकदा दुसरीकडे वळला की तो पूर्ववत परतेलच असे नाही, ही हानी बाजारभावाच्या तक्त्यात दिसत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा देण्यास अनुमती दिली. त्यांत बांगलादेश, भूतान, श्रीलंका हे साफ्टाचे सदस्य होते, तसेच संयुक्त अरब अमिराती, बहारीन व मॉरिशस हे गटाबाहेरचे देशही. सदस्यत्वास कोणतेही अग्रक्रमाचे स्थान नव्हते. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तरी ४० टक्के निर्यातशुल्क राहिले. सप्टेंबरमध्ये ते २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. तेही केंद्राच्या अधिसूचनेने, साफ्टाच्या कोणत्याही कलमाने नव्हे.