ब्रह्मगिरीची मुळी आणि घरची सहाण

श्रावणातील तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी जो मेळा लोटतो, त्याला देवदर्शनाइतकीच ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेची ओढ असते. कुशावर्तात स्नान करावे, बाळाजी बाजीराव पेशव्यांनी उभारविलेल्या देवालयात ज्योतिर्लिंगाचे दर्शन घ्यावे आणि मग पावसाच्या सरी अंगावर घेत गोदावरीच्या उगमाच्या त्या डोंगराला फेरी घालावी, असा यात्रेकरूंचा परिपाठ आहे. या दिवसांत सह्याद्रीच्या उतारावर वेलींची गर्दी झालेली असते आणि कळलावीची लालपिवळी फुले दुरूनही डोळ्यांत भरतात. पायथ्याच्या वाटेवर साली, मुळ्या, कंद आणि बिया यांचे लहान लहान वाटे मांडून विकावयास बसलेली माणसे दिसतात. शहरात परतणारा यात्रेकरू तीर्थाच्या गडूबरोबर एखादी मुळीही गाठीस बांधतो. घरी पोहोचल्यावर ती औषध ठरेल की अपाय करील, हा प्रश्न मात्र वाटेत फारसा कोणास सुचत नाही. या प्रश्नाचा इतिहास जुना आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे पान नाशिक येथेच लिहिले गेले.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात या प्रश्नाचा विचार केलेला आढळतो. वनस्पतींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ आणि इतर वनवासी जाणतात, असे संहिताकार मोकळ्या मनाने मान्य करतात. तथापि केवळ नाव व रूप ठाऊक असल्याने औषधाचे ज्ञान पुरे होत नाही. देश, काल आणि माणसाची प्रकृती पाहून त्याची योजना करता आली पाहिजे, असेही ते बजावतात. न ओळखलेल्या औषधाला त्यांनी विष, शस्त्र आणि अग्नी यांच्या पंक्तीस बसविले आहे. उलट, तीव्र विषसुद्धा युक्तीने योजले असता उत्तम औषध होते, असा त्यांचा अभिप्राय आहे. म्हणजे औषधीच्या ज्ञानाचे दोन भाग पडले: एक ओळखीचा, दुसरा योजनेचा. पहिला रानात राहिला, दुसरा वैद्याकडे व ग्रंथात आला. या दोहोंची फारकत जेव्हा जेव्हा झाली, तेव्हा तेव्हा रोग्याच्या पदरी नुकसान आले.

त्र्यंबक परिसरातील डोंगरवस्त्यांत महादेव कोळी, ठाकर, वारली इत्यादी समाज पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. रानात वाढलेल्या माणसाची ओळख नावावर थांबत नाही. पान चुरगळून त्याचा वास घ्यावा, साल मोडून चीक येतो की नाही ते पाहावे, शेंगांची ठेवण न्याहाळावी, फूल कोणत्या महिन्यात येते ते ध्यानात ठेवावे, अशी ही ओळख असते. तिचे मोल किती, हे एका कुड्याच्या झाडावरून ध्यानी येईल.

आव आणि अतिसार यांवर कुड्याची साल फार पुरातन काळापासून वापरली जाते. परंतु सह्याद्रीत कुडा या नावाची दोन झाडे आहेत. पांढऱ्या कुड्याची साल अत्यंत कडू. त्याच्या बियांना कडू इंद्रजव म्हणतात. काळ्या कुड्याच्या बिया गोड इंद्रजव म्हणून विकल्या जातात आणि त्याच्या सालीत तो कडूपणा नसतो. दोहोंच्या शेंगा जोडीजोडीने लोंबतात; मात्र पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी मोकळ्या असतात, तर काळ्या कुड्याच्या कोवळेपणी टोकाला चिकटलेल्या असतात. रानातल्या पोराला हा भेद सांगावा लागत नाही. बाजारात आलेल्या वाळलेल्या सालीवर मात्र तो लिहिलेला नसतो. त्यामुळे एका कुड्याच्या जागी दुसरा खपू लागला आणि गुण न आल्याचे खापर औषधावर फुटले. हा घोळ केवळ बाजारातलाच नव्हता. मुंबईत हेन्स या रसायनज्ञाने १८५८ साली पांढऱ्या कुड्याच्या सालीतून तिचे मुख्य द्रव्य वेगळे केले. आज ते कोनेसीन या नावाने ओळखले जाते. पण त्या काळी युरोपात त्यालाच राईटीन असेही म्हणत, आणि हे नाव काळ्या कुड्याच्या कुळावरून आलेले होते. जिथे शास्त्रज्ञांची अशी गफलत झाली, तिथे गिऱ्हाइकाची काय कथा!

नाव आणि रूप यांची गाठ कागदावर कायमची बांधून ठेवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. मलबारच्या डच अंमलदाराने, व्हान ऱ्हीडने, तयार करविलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्यास इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी पंडित साह्य करीत होते. पुढे थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या अवधीत खंडशः प्रकाशित केला. हे ग्रंथ विद्वानांच्या कपाटात राहिले. सामान्य मराठी घरात औषधीचे ज्ञान नांदत होते ते सहाणेवर.

बाळगुटीची चाल महाराष्ट्रातील बहुतेक घरांना परिचित आहे. हिरडा, सुंठ, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, वेखंड अशी द्रव्ये सहाणेवर उगाळून तान्ह्या मुलास चाटविली जात. त्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे वेढ्यांचा हिशेब. कोणत्या द्रव्याचे किती वेढे द्यावयाचे, हे आजी सुनेला शिकवी. जायफळाने गुंगी येते म्हणून त्याचा वेढा अगदी हलका असे. तराजू नसलेल्या घरात मात्रा सांभाळण्याची ही एक शहाणी रीत होती. पण रीत शहाणी म्हणून तिच्यातील प्रत्येक द्रव्य निर्दोष ठरत नाही. वेखंडात बीटा-ॲसरोन नावाचे द्रव्य असते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते घातक आढळल्यामुळे अमेरिकेने १९६८ साली वेखंड अन्नात वापरण्यास बंदी केली. आज बालरोगतज्ज्ञ पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, असे सांगतात. सहाणेवरून घ्यावयाचा धडा तो मात्रेचा. गुटीचा आग्रह त्यासाठी धरण्याचे कारण नाही.

मात्रेइतकेच महत्त्व शुद्धीला आहे. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले तर फोड उठतात, हे खेड्यातील मुलालाही ठाऊक असते. म्हणून वैद्य बिब्बा विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचे तेल काढून टाकीत आणि मगच तो औषधात घालीत. बचनाग गोमूत्रात भिजवून किंवा दुधात शिजवून शुद्ध करण्याचे विधी ग्रंथांत दिलेले आहेत. बचनागातील मारक द्रव्य शिजविल्याने पुष्कळसे सौम्य होते, असे रसायनशास्त्रानेही दाखविले आहे. हे काम जाणत्याचे. घरच्या चुलीवर त्याची परीक्षा पाहू नये. प्रदक्षिणेच्या वाटेवर मन मोहविणारी कळलावीसुद्धा याच पंक्तीतली आहे. तिच्या कंदात कोल्चिसीन असते. वातरक्तावर डॉक्टर ते अगदी सूक्ष्म मात्रेत देतात. पण कंद चुकून पोटात गेला तर प्राणावर बेतते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापखान्याने वैद्यकाला घराघरांत नेले. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' हा ग्रंथ या प्रवाहातील मोठे नाव होय. ज्या कुटुंबाला संस्कृत संहिता वाचणे शक्य नव्हते, त्याला स्वभाषेत औषधींचे गुण व उपयोग कळू लागले. याच पदेशास्त्र्यांच्या पुढाकाराने १९०७ साली नाशिक येथे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना झाली. त्र्यंबकेश्वरापासून सुमारे २८ किलोमीटरांवर, गोदावरीच्याच काठी, विखुरलेल्या वैद्यांना एकत्र आणण्याचा हा उद्योग आरंभला गेला. त्यानंतर वीस वर्षांनी, १९२७ साली, डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'औषधिसंग्रह' प्रसिद्ध झाला. या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत. मात्र त्यांच्याबरोबर एक नवा धोकाही आला. ज्याने झाड कधी पाहिले नाही, तोही आता त्याचे नाव वाचून बाजारात ते मागू लागला. ज्ञान लवकर पोहोचले, ओळख मागे राहिली.

या धोक्याला आवर घालण्याचे काम पुढे कायद्याने काही अंशी केले. मुंबई इलाख्यात १९३८ च्या कायद्याने वैद्यांच्या नोंदणीची व्यवस्था झाली. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३१ साली देशातील औषधांच्या भेसळीविषयी अहवाल दिला व त्यातूनच १९४० चा औषधी कायदा आला. आयुर्वेदीय औषधे त्याच्या कक्षेत आली ती १९६४ च्या दुरुस्तीने. या कायद्याखालील नियमांत विषारी द्रव्यांची एक यादी आहे. तीत बचनाग, बिब्बा, कळलावी, गुंज, धोतरा, कण्हेर, जमालगोटा यांची नावे आहेत. ती ज्या औषधात असतील ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. पण कायदा वेष्टनापर्यंत पोहोचतो. रस्त्यावरून उचललेली मुळी आणि अंगणातून तोडलेली वेल त्याच्या नजरेआड राहतात.

याचा प्रत्यय २०२० च्या साथीत आला. रोगप्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघर गुळवेलीचे काढे उकळू लागले. त्या वर्षीच्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतील डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. त्या सर्वांनी गुळवेल घेतलेली होती. ही माहिती २०२१ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी देशातील निरनिराळ्या रुग्णालयांतून अशा ४३ रुग्णांची नोंद पुढे आली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षास हरकत घेतली. गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारख्या दिसणाऱ्या, अंगावर ठळक गाठी असलेल्या दुसऱ्या जातीची वेल तिच्या जागी घेतली जाण्याचा संभव असतो, असे त्याचे म्हणणे. डॉक्टरांचा रोख मुख्यतः रुग्णाच्या प्रकृतीवर होता: ज्यांच्या शरीराची प्रतिकारव्यवस्था स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याकडे झुकलेली असते, त्यांना गुळवेल बाधण्याचा धोका त्यांनी दाखविला. दोन्ही पक्ष एकमेकांशी भांडत असले तरी चरकाच्या त्या अध्यायातील दोन अर्धे त्यांनी वाटून घेतले होते. एक ओळखीवर बोट ठेवीत होता, दुसरा योजनेवर.

अशी चूक आपल्याकडेच होते असे नव्हे. बेल्जममध्ये ब्रुसेल्स येथील एका उपचारालयात १९९० च्या सुमारास स्त्रियांना वजन उतरविण्यासाठी चिनी वनस्पतींची चूर्णे देण्यात आली. चिनी भाषेत दोन वनस्पतींची नावे जवळजवळ सारखी असल्याने एकीच्या जागी दुसरी, मूत्रपिंडे निकामी करणारी, वनस्पती आली. हा प्रकार १९९३ साली उघडकीस आला आणि अखेर शंभराहून अधिक स्त्रियांना इजा झाल्याचे दिसून आले. त्यांतील कित्येकींना मूत्रपिंडाचे रोपण करून घ्यावे लागले. कुड्याच्या बाबतीत नावाच्या सारखेपणाने औषध वाया गेले. येथे माणसे वाया गेली.

ओळख टिकावयाची तर झाडही टिकले पाहिजे. त्र्यंबकच्या वाटेवरील अंजनेरीच्या डोंगरावर कंदीलपुष्पाची एक जात आहे. तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी गुंफलेली आहे. या डोंगराला २०१७ साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पान तोडले तर झाड पुन्हा फुटते. कंद उपटला की सारे झाडच गेले. मुळ्यांचा व्यापार वाढतो तसतशी अस्सल वनस्पती दुर्मीळ होते, आणि दुर्मीळ झाली की तिच्या जागी नक्कल येते. रानाची राखण हीदेखील या अर्थाने औषधाच्या शुद्धतेचीच राखण आहे.

शहरातील गृहस्थाने या इतिहासातून काय घ्यावे? आले, हळद, ओवा, तुळस यांचा स्वयंपाकातल्या मापाने उपयोग करण्यास सहसा भय नाही. त्यापलीकडे पाऊल टाकताना चार गोष्टींची खात्री करून घ्यावी. वनस्पती तीच आहे काय, आणि तसे सांगणारा तिला झाडावर ओळखतो काय? तिचा कोणता भाग घ्यावयाचा आणि तो शुद्ध करावा लागतो काय? मात्रा किती व किती दिवस? आणि ती घेणारा कोण आहे? खोकल्यावर चघळला जाणारा निरुपद्रवी ज्येष्ठमधदेखील रोज व फार दिवस घेतला तर रक्तदाब वाढवितो. तेव्हा रक्तदाबाच्या रोग्याला तो वर्ज्यच समजावा. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, यकृताचे वा मूत्रपिंडाचे रोगी आणि ज्यांना रोज डॉक्टरी औषधे घ्यावी लागतात अशी माणसे यांनी वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्यावाचून काढा घेऊ नये. आपण काय घेत आहोत हे दोघांपासूनही लपवू नये. काढा घेताना डोळे वा लघवी पिवळी दिसू लागली, तर तो तत्काळ थांबवून दवाखाना गाठावा.

ब्रह्मगिरीची फेरी पुरी करून येणाऱ्याच्या हातात मुळी असेल, तर तिची किंमत विचारण्याआधी त्याने ती कोणत्या झाडाची, हे विचारावे. उत्तर देणारा ते झाड दाखवू शकत असेल, तर दोन पावले वाकडी करून ते पाहून यावे. आणि दाखविता येत नसेल, तर मुळी जिथल्या तिथे ठेवून तीर्थाचा गडू तेवढा घरी न्यावा.