सायकलचा ब्रेक : धरणे आणि सोडणे

या व्यासपीठावरून साम्राज्यांचे उदयास्त सांगितले गेले आहेत, संतांची परंपरा उलगडली गेली आहे, अर्थकारणावर वाद झडले आहेत. अशा ठिकाणी सायकलच्या ब्रेकचा इतिहास सांगायला उभे राहणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत उठून चटणीवर व्याख्यान झोडण्यासारखे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. पण चटणी झाली तरी ती पानात वाढली जातेच, आणि नसली की जेवणाऱ्याला चुकल्यासारखे वाटते. ब्रेकचे तर याहून कठीण. तो असतो तोवर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आणि नसतो तेव्हा पाहायला सवड मिळत नाही.

विषयाचे निमित्त आमच्या घरचेच आहे. आमच्याकडे एक जुनी, हलक्या बांध्याची सायकल आहे. तिच्या पुढच्या ब्रेकला एक खोड लागली. दाबला की तो चाक नीट धरी; पण सोडला की उजवीकडचे रबर रिमपासून दूर जाई आणि डावीकडचे तिथेच घासत राही. आम्ही उतरून हाताने ब्रेक मधोमध सरकवीत असू. सायकल थोडी बरी चाले; पुन्हा ब्रेक दाबून सोडला की स्वारी डावीकडेच. आठवडाभर हा खेळ झाल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने ब्रेककडे पाहण्याआधी चाक गरगर फिरवून पाहिले. मग दोन पाने काढले, पुढचा आणि मागचा असे दोन्ही नट एकदमच किंचित फिरवले, आणि सायकल आमच्या हाती दिली. दुखणे गेले. ज्या गोष्टीशी आम्ही आठवडाभर झगडत होतो ती त्याने पाच मिनिटांत कशी केली, या कुतूहलापोटी आम्ही ब्रेकच्या इतिहासात शिरलो; आणि तेथे आम्हांस एक गोष्ट आढळली, तीच आज आपल्यापुढे मांडायची आहे.

सायकलचे मूळ शोधीत गेले म्हणजे आपण १८१७ सालच्या जर्मनीत पोचतो. मानहाइम गावी कार्ल ड्राइस याने त्या वर्षी आपले लाकडी दुचाकी यंत्र रस्त्यावर चालवून दाखवले. त्याला पायडल नव्हते. बसणाऱ्याने पायांनी जमीन रेटीत पुढे जायचे. तरीही ड्राइसने मागच्या चाकाला दोरीने ओढायच्या ब्रेकची योजना केली होती. ज्याचे पाय जमिनीलाच टेकलेले आहेत त्यालाही थांबण्याची वेगळी सोय हवी, हे या माणसाला पहिल्याच दिवशी उमगले होते, याचे आम्हांस कौतुक वाटते. पुढे १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पायडलच्या गाड्या निघू लागल्या. त्यांचे हँडल मनगटाने पिळले की दोरी गुंडाळली जाई आणि मागच्या चाकावर ठोकळा दाबला जाई.

त्यानंतर आली ती जुन्या चित्रांत दिसणारी पुढे प्रचंड आणि मागे चिमुकले चाक असलेली उंच सायकल. तिचा ब्रेक म्हणजे चमच्याच्या आकाराची एक लोखंडी पट्टी. ती पुढच्या टायरवर वरून दाबायची. स्वार जवळजवळ चाकाच्या माथ्यावरच बसलेला. ब्रेक हळू दाबला तर गाडी थांबत नसे, आणि जोराने दाबला तर गाडी थांबे पण स्वार थांबत नसे. तो हँडलवरून पुढे जाऊन पडे. म्हणून उतारावर मुरलेले स्वार दोन्ही पाय हँडलच्या पलीकडे टाकून बसत. पडायचेच असेल तर निदान पायांवर पडू, हा हिशेब!

१८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली आणि स्वार खाली आला. तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टमध्ये गुरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. प्रवास मऊ झाला, पण चमच्याच्या ब्रेकची पंचाईत झाली. भरीव रबरावर घासणारी पट्टी आता हवेने फुगलेल्या टायरवर घासू लागली, आणि थांबता थांबता टायरच झिजू लागला. तेव्हा टायरला सोडून चाकाच्या लोखंडी कडेला, म्हणजे रिमला, दोन्ही बाजूंनी धरावे या विचाराला जोर आला. विचार नवा नव्हता. १८७६ सालीच इंग्लंडात ब्राऊएट आणि हॅरिसन या दोघांनी अशा कॅलिपर ब्रेकचे पेटंट घेतले होते. पण हँडलापासून चाकापर्यंत हाताचे बळ वळणावळणाने न्यायचे कसे, हा प्रश्न उरला होता.

तो सोडवला अर्नेस्ट मॉनिंग्टन बाऊडेन याने, १८९६ सालच्या पेटंटाने. रॅले सायकल कंपनीचे फ्रँक बाऊडेन ते वेगळे. नावाच्या साम्यामुळे एकाचे श्रेय दुसऱ्याला पुष्कळदा दिले जाते. बाऊडेनची युक्ती आज आपण रोज वापरतो. आत पोलादी वायर आणि तिच्यावर गुंडाळीदार नळी. आतली वायर ओढली की बाहेरची नळी तितक्याच बळाने उलट दिशेला रेटते. नळी हवी तशी वाकवा, बळ तिच्यातून पलीकडे पोचते.

आता स्वयंपाकघरातली सांडशी डोळ्यांसमोर आणा. दोन पाती, मध्ये एक खिळा. कॅलिपर ब्रेक म्हणजे उलटी टांगलेली सांडशीच. पुढच्या चिमट्याच्या माथ्यातून एक बोल्ट आरपार जातो, त्यावर दोन वाकड्या भुजा बसवलेल्या असतात, आणि प्रत्येकीच्या टोकाला रबराचा गुटका असतो. एका भुजेला आतली वायर ओढते, दुसरीला बाहेरची नळी दाबते. जेवढे बळ एकीला तेवढेच दुसरीला. त्यातही गंमत अशी की दोन्ही भुजा एकाच बोल्टवर झुलत असल्यामुळे, एका बाजूचे रबर रिमला आधी टेकले तरी ते दुसऱ्याची वाट पाहते. दुसरे टेकल्याशिवाय खरा दाब पडतच नाही. म्हणून आमचा ब्रेक वाकडा असूनही धरीत मात्र सरळ होता. धरण्याचा न्याय बाऊडेनच्या वायरने चोख केला होता.

सोडण्याचे काम मात्र वायरचे नव्हे. वायर फक्त ओढू शकते. रबरे रिमपासून मागे घेण्याचे काम एका वाकवलेल्या तारेच्या स्प्रिंगकडे असते. तिचा मध्य बोल्टवरच्या ठोकळ्यात बसवलेला असतो आणि दोन टोके दोन भुजांना बाहेर रेटीत असतात. तो मध्य जिकडे तोंड करून बसला असेल तिकडे ब्रेक विसावणार. बोल्ट केसभर फिरला तरी स्प्रिंग फिरली, आणि स्प्रिंग फिरली की एक रबर रिमवर व दुसरे लांब. आम्ही हाताने भुजा सरकवीत होतो, स्प्रिंग होती तिथेच. सांध्यातल्या गंजाच्या अडकणीमुळे भुजा थोडा वेळ मधोमध राहत. एकदा ब्रेक दाबून सोडला की स्प्रिंग त्यांना पुन्हा आपल्या जागी नेई.

शंभर वर्षे सायकलच्या कर्त्यांनी बुद्धी वेचली ती चाक धरावे कसे यावर. सोडण्याच्या प्रश्नाकडे कारखान्यांनी बराच काळ फारसे लक्ष दिले नाही. स्वस्त ब्रेकांना तर मध्यभागी आणण्याची कसलीही सोय नसे. ते काम जगभरच्या दुरुस्तीवाल्यांवर पडले, आणि त्यांनी आपापल्या दुकानात, पान्याच्या आणि हातोडीच्या भाषेत, त्याचे एक शास्त्र तयार केले. आम्हांस जी गोष्ट आढळली म्हणून म्हटले ती हीच.

त्या शास्त्राचा पहिला नियम असा, की ब्रेकचा दोष ब्रेकात शोधण्याआधी चाकात शोधावा. चाक चिमट्यात तिरके बसले असेल, किंवा आऱ्या ढिल्या होऊन चाक आऊट गेले असेल, तर मधोमध बसलेला ब्रेकही वाकडा दिसतो. आमच्या माणसाने आधी चाक फिरवले ते यासाठी. दुसरे, सांधा पाहावा. भुजा बोल्टवर मोकळ्या फिराव्यात पण खुळखुळू नयेत. पुढे दोन नट असतात. आतल्याने ताण जमवायचा आणि बाहेरच्याने तो जागेवर बांधून टाकायचा. सांध्यात गंज असेल तर तेलाचे दोन थेंब पुरतात, मात्र तो थेंब रबरावर किंवा रिमवर पडता कामा नये. तिसरे, वायरची नळी. ती आखूड असली तर हँडल वळताच ब्रेकला एका अंगाला ओढते. आत गंजली असली तर स्प्रिंगची अर्धी ताकद वायर मागे घेण्यातच खर्ची पडते. चौथे, रबरे पूर्ण रिमवर बसावीत. वर सरकलेले रबर टायर कापते. खाली सरकलेले रिमवरून निसटून आऱ्यांत जाते, आणि मग काय होते ते सांगण्याची गरज नाही.

एवढे झाल्यावरच मधोमध आणण्याचे काम. पुढचा एकटा नट फिरवला तर तो भुजांवर आवळतो किंवा सुटतो. मागचा एकटा फिरवला तरी तेच, ब्रेक चिमट्यावर आवळतो किंवा ढिला पडतो. म्हणून एक पाना पुढच्या नटावर, दुसरा मागच्यावर, आणि दोन्ही एकाच दिशेने, सारखेच, अगदी थोडे फिरवायचे. त्यामुळे काहीही न सुटता अख्खा बोल्ट फिरतो आणि त्याच्याबरोबर स्प्रिंगही. मग ब्रेक दोन-तीनदा जोराने दाबून सोडायचा व पाहायचे. याहून जुनी युक्ती हातोडीची. ज्या बाजूचे रबर रिमपासून फार लांब गेले असेल, त्या बाजूच्या स्प्रिंगच्या खांद्यावर छिन्नीसारखा बोथट दांडा टेकवून एक हलकी टिचकी मारायची. ठोकून काम करणे आडमुठेपणाचे वाटते, पण ती टिचकी किती हलकी असावी हे हाताला कळायला वर्षे जातात.

आपल्याकडे हा ब्रेक उशिराने रुळला. आपल्या वडिलांच्या आणि आजोबांच्या काळ्या, भारी सायकलींना सळ्यांचे ब्रेक असत. हँडलाखालची सळई ओढली की घोड्याच्या रिकिबीसारखी एक चौकट वर येई आणि रबरे रिमला आतल्या अंगाने दाबत. प्रथम अशा सायकली विलायतेहून येत. स्वातंत्र्यानंतर मद्रासला १९४९ साली टी. आय. सायकल, सोनिपतला १९५१ साली अॅटलस, लुधियानाला १९५६ साली हिरो असे कारखाने निघाले. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, तेव्हा तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या गाड्याही बहुधा याच बांध्याच्या. सळई तुटत नसे, तिला वायरसारखा गंज आतून खात नसे; पण पावसाळ्यात ओल्या लोखंडी रिमवर तिची रबरे घसरत. रिम ओले झाले म्हणजे कॅलिपर ब्रेकचीही तीच गत होते, आणि पोलादी रिमच्या जागी अॅल्युमिनियमचे आल्यावरच तो दोष पुष्कळ कमी झाला. पुढे हलक्या ‘स्पोर्ट्स’ सायकली आल्या, त्यांच्याबरोबर कॅलिपर आला, आणि मधोमध आणण्याची कटकटही आली.

कारखान्यांनीही अखेर या कटकटीची दखल घेतली. १९५० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या माफाक कंपनीचे ब्रेक गाजले. त्यांत दोन भुजांना दोन वेगळे सांधे होते आणि वायर मधोमध ओढली जाई. १९६८ साली इटलीच्या कांपान्योलो कंपनीने पुन्हा एका बोल्टचाच ब्रेक काढला, पण इतका नेटका की शर्यतीच्या जगाने तो उचलून धरला. चांगल्या ब्रेकांच्या बोल्टला पुढे चपट्या बाजू आल्या. पातळ पाना लावला की स्प्रिंग हवी तिकडे वळते, छिन्नीचे काम उरत नाही. १९९० च्या सुमारास जपानच्या शिमानो कंपनीमुळे दुहेरी सांध्याचा ब्रेक सर्वत्र पसरला. त्याला बाजूला एक लहानसा स्क्रू असतो. तो फिरवला की ब्रेक मधोमध येतो. दुरुस्तीवाल्यांच्या बोटांत जे होते ते एका स्क्रूत येऊन बसले. आता तर पुष्कळ नव्या सायकलींत रिमही सुटले आणि तबकडीचे ब्रेक आले.

पण जुन्या सायकली अजून आहेत. अडगळीच्या खोलीत, जिन्याखाली, एखाद्या पेन्शनराच्या हाती त्या दिसतात, आणि त्यांना लागणारे ज्ञान ज्यांच्याजवळ आहे ती माणसे कमी होत चालली आहेत. ड्राइस, डनलॉप, बाऊडेन यांची नावे पेटंटांत आहेत आणि ती तेथे असावीत हे योग्यच आहे. दोन पाने एकदम फिरवण्याची युक्ती पहिल्यांदा कोणी केली त्याचे नाव कोठेच नाही. ती एकाने दुसऱ्याला दाखवली, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि अशी ती आमच्या कोपऱ्यापर्यंत आली. आपण तिथून नवे काही न शिकता केवळ पैसे देऊन निघून आलो, तर ती तिथेच थांबेल.

आम्ही दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडे परत गेलो आणि ‘हे कसे केलेत ते दाखवा’ म्हणून विनंती केली. त्याने सायकल पुन्हा मुद्दाम बिघडवली, दोन पाने आमच्या हाती दिले आणि म्हणाला, “आता तुम्ही करा.” आम्हांस अर्धा तास लागला. पहिल्या दोन वेळा ब्रेक भलतीकडेच गेला, तिसऱ्यांदा मध्ये आला. त्याने चाक फिरवले, कान लावला आणि मान डोलावली. वसंत सरत आला आहे, पावसाळा फार लांब नाही. घरी सायकल असेल तर आज-उद्या तिचे चाक उचलून एकदा फिरवावे आणि कान द्यावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.