स्लाइस रिटर्न कशामुळे मागे पडला? एका फटक्याचा इतिहास आणि 'कारण' तपासण्याची रीत

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलं की 'अमुक आलं म्हणून तमुक संपलं' असं एखादं सुटसुटीत वाक्य हाताला लागतं आणि हायसं वाटतं. असं वाक्य तपासायचं कसं, ते आज एका छोट्या उदाहरणावरून बघू. उदाहरण टेनिसमधलं आहे. तुम्ही टेनिस खेळत नसाल तरी काही अडणार नाही.

स्लाइस रिटर्न म्हणजे समोरच्याची सर्व्हिस कापून परतवणं. रॅकेट फार मागे न्यायची नाही, तिचं तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि वरून खाली येत चेंडू कापायचा. चेंडूला उलटी फिरकी मिळते, तो हवेत जरा तरंगतो आणि टप्पा पडल्यावर फारसा उसळत नाही. गवतावर तर घसरतच जातो. सर्व्हिस ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असेल तर परतवणाऱ्याला साधारण अर्धा सेकंद मिळतो, त्यात हा आखूड फटका सोयीचा पडतो.

या फटक्याबद्दल नेहमी ऐकू येणारं वाक्य असं: 'नव्या रॅकेट आणि नव्या तारा आल्या, सगळे जोरात टॉपस्पिन मारायला लागले आणि स्लाइस रिटर्न संपला.' वाक्य पटतं. आता त्याला तारखा लावून बघू.

पहिली पायरी: तारखा जुळतात का?

१९७४ सालच्या विम्बल्डन अंतिम सामन्यात २१ वर्षांच्या जिमी कॉनर्सने ३९ वर्षांच्या केन रोझवॉलला ६-१, ६-१, ६-४ असं हरवलं. रोझवॉलचा स्लाइस बॅकहँड म्हणजे त्या काळातला आदर्श. कॉनर्स दोन हातांनी सपाट, जोरदार रिटर्न मारायचा. त्याची रॅकेट पोलादी होती. ग्रॅफाइटच्या रॅकेट सर्वत्र दिसायला अजून काही वर्षं होती आणि पॉलिएस्टर तारांची चर्चा सुरू झाली ती गुस्ताव्हो क्युर्टेनने १९९७ मध्ये फ्रेंच ओपन जिंकल्यावर. म्हणजे जोरदार रिटर्न आपल्या 'कारणा'च्या कितीतरी आधी हजर होता.

बरं, मग १९७४ ला स्लाइस हरला असं म्हणायचं का? पुढच्याच वर्षी, त्याच मैदानावर, आर्थर अ‍ॅशने कॉनर्सला ६-१, ६-१, ५-७, ६-४ असं हरवलं. त्याने कॉनर्सला हवा असलेला वेग दिलाच नाही. मऊ, खाली राहणारे चेंडू दिले, विशेषतः फोरहँडवर. कापलेल्या चेंडूची ताकद एका वर्षात संपली आणि पुढच्या वर्षी परत आली, असं तर होत नाही.

दुसरी पायरी: दुसरी कारणं उभी करा

१९७४ पर्यंत चारपैकी तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा गवतावर होत. अमेरिकन ओपन १९७५ मध्ये मातीच्या कोर्टवर आणि १९७८ मध्ये हार्ड कोर्टवर गेली. ऑस्ट्रेलियन ओपनने १९८८ मध्ये गवत सोडलं. विम्बल्डनने २००१ पासून कोर्टवर शंभर टक्के रायग्रास पेरायला सुरुवात केली. त्याआधी ७० टक्के रायग्रास आणि ३० टक्के फेस्क्यू असं मिश्रण असे. २००१ चा अंतिम सामना इव्हानिसेविच आणि राफ्टर या सर्व्हिस करून नेटकडे धावणाऱ्या दोघांत झाला, तर २००२ चा ह्यूइट आणि नालबांडियन या बेसलाइनवरच्या दोघांत.

लगेच 'गवतामुळेच झालं' असं लिहायला हात शिवशिवतो. थांबा. आंद्रे अगासीने १९९२ मध्ये जुन्याच गवतावर, बेसलाइनवरून, इव्हानिसेविचलाच हरवून विम्बल्डन जिंकलं होतं. गवताला वाटा द्या, सगळं श्रेय देऊ नका.

तिसरी पायरी: 'संपला' म्हणजे काय?

माझ्या मते खरी गोम इथे आहे. स्लाइस रिटर्न हा एक फटका दिसतो, पण त्याची कामं दोन. समोरचा नेटकडे धावत येत असेल तर चेंडू आखूड आणि त्याच्या पायाशी टाकायचा, म्हणजे त्याला खालून वर व्हॉली उचलावी लागते. समोरचा बेसलाइनवरच थांबला असेल तर चेंडू खोल टाकायचा, म्हणजे तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. कोर्ट, रॅकेट आणि तारा बदलल्या तसे नेटकडे धावणारे कमी झाले, त्यामुळे पहिल्या कामाची मागणी घटली. दुसरं काम चालूच राहिलं. रॉजर फेडररने अँडी रॉडिकसारख्या तुफान सर्व्हिस करणाऱ्याला २००४, २००५ आणि २००९ अशा तीन विम्बल्डन अंतिम सामन्यांत हरवलं. सर्व्हिस नुसती अडवून किंवा कापून खोल परत पाठवणं हे त्याचं मोठं हत्यार होतं.

म्हणून 'फटका सुधारला' किंवा 'फटका बिघडला' हे शब्द कामाचा उल्लेख केल्याशिवाय निरर्थक आहेत. प्रशिक्षकालाही हे लागू पडतं. नेटकडे येणाऱ्याच्या पायाशी पडलेला उत्तम आखूड स्लाइस मागे थांबलेल्या खेळाडूला दिला, तर ती त्याच्यासाठी मेजवानीच. हात तोच, कौशल्य तेच, पण निकाल उलटा.

चौथी पायरी: साधनं काय लपवतात?

धावफलकावर ६-१ दिसतं, रिटर्न कसा मारला ते दिसत नाही. आकडेवारीत विनर आणि चुका मोजतात. स्लाइस रिटर्न बहुतेकदा यांपैकी कशातच बसत नाही. त्याने समोरच्याला वाकवलं, समोरच्याने कमजोर व्हॉली दिली आणि पुढच्या फटक्यावर गुण मिळाला, तर नोंद त्या पुढच्या फटक्याच्या नावावर. रिटर्नचं काम दुसऱ्याच्या खात्यात जमा. नुसते तक्ते वाचून इतिहास लिहिलात तर हा फटका आहे त्यापेक्षा लवकर 'संपलेला' दिसेल. सामन्यांची चित्रफीत गुणागणिक बघणं कंटाळवाणं आहे, पण इथे त्याला पर्याय नाही.

तुमचा विषय गिरणी कामगारांचा असो, बलुत्याचा असो की एखाद्या वृत्तपत्राचा, हाच प्रश्न विचारून बघा: तुमच्या साधनांत कोणाचं काम दुसऱ्याच्या खात्यावर लिहिलं गेलंय? आणि तुम्ही जे 'संपलं' म्हणताय, त्याचं नेमकं कोणतं काम संपलं? ही दोन उत्तरं प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहिता आली, तर मार्गदर्शकांचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.