दिनविशेष : २२ फेब्रुवारी
डॉ. लक्ष्मण देशपांडे स्मृतिदिन

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगाने महाराष्ट्राला खदखदून हसवणारे डॉ. लक्ष्मण देशपांडे २००९ मध्ये आजच्याच दिवशी गेले. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या या नटाने खेड्यातल्या लग्नाचं वऱ्हाड विमानात बसवलं. बबन्या, जानराव, काशीनाथ अशी तब्बल ५२ पात्रं ते एकटेच उभी करत. वेशांतर नाही, मोठा सेट नाही. आवाज, चाल आणि चेहरा एवढ्यावर सगळं गाव रंगमंचावर यायचं. एकट्याने ५२ पात्रं साकारण्याच्या या विक्रमाची नोंद गिनेस बुकातही झाली.

ते गेले तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. त्यांनी मराठवाडी बोली जशीच्या तशी रंगमंचावर आणली आणि शहरी प्रेक्षकालाही तिच्या प्रेमात पाडलं. खेड्यातली माणसं त्यांनी हास्यास्पद केली नाहीत. त्यांचा भाबडेपणा मायेने दाखवला.

माजलगावचे अभिनेते संदीप पाठक यांनी पुढे हाच प्रयोग रंगमंचावर आणला. गुरुस्थानी मानलेल्या कलावंताला याहून मोठी श्रद्धांजली कोणती?

आपल्या वऱ्हाडातल्या कारंजा लाडसारख्या तालुक्याच्या गावी नाटक करायचं तर मंडळी जमवण्यापासून नेपथ्यापर्यंत अडचणीच फार. पण एकटा नट तीन तास रंगमंच भरून टाकू शकतो, हे देशपांडे सरांनी सिद्ध केलं. स्नेहसंमेलनात नक्कल करणाऱ्या आपल्या मुलांना हा प्रयोग आवर्जून दाखवावा आणि स्वतःच्या वऱ्हाडी बोलीत लिहायला, बोलायला सांगावं.