देणारे झाड आणि न वाढलेला मुलगा

मुलांच्या एका चित्रपुस्तकाचा इतिहास सांगावयास कामगार चळवळीतला माणूस का उभा राहिला, असे आपणांस वाटेल. त्याचे कारण ओघात येईलच.

‘द गिव्हिंग ट्री’ हे पुस्तक अमेरिकेत १९६४ साली निघाले. शब्द आणि काळ्या रेषांची साधी चित्रे, दोन्ही शेल सिल्व्हरस्टीन याची. १९३० साली शिकागोत जन्मलेला हा गृहस्थ सैन्यात असताना सैनिकांच्या वृत्तपत्रासाठी व्यंगचित्रे काढी. गोष्ट एवढीशीच आहे. सफरचंदाच्या झाडाचा एका मुलावर जीव असतो. मुलगा मोठा होतो. त्याला पैसा हवा, झाड फळे देते; घर हवे, फांद्या देते; होडी हवी, खोड देते. शेवटी तो म्हातारा होऊन येतो आणि उरलेल्या बुंध्यावर बसतो.

एका प्रकाशनसंस्थेच्या संपादकाने हे हस्तलिखित परत केले. मुलांना ते फार दुःखाचे वाटेल आणि मोठ्यांना फार सोपे, असे त्याचे म्हणणे. पुढे हार्पर अँड रो या संस्थेत अर्सुला नॉर्डस्ट्रॉम या संपादिकेने ते स्वीकारले. आरंभी पहिली आवृत्ती लहानच होती. मग चर्चमधील धर्मोपदेशकांनी ते उचलले. निरपेक्ष प्रेमाचा दृष्टांत म्हणून ते प्रवचनांतून सांगितले जाऊ लागले आणि खप वाढत गेला.

परंतु काळही बदलत होता. बेट्टी फ्रीडनचे गृहिणींच्या कोंडमाऱ्यावरील पुस्तक १९६३ सालचे. त्या चळवळीतील स्त्रियांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. इंग्रजीत या झाडाला ‘ती’ म्हटले आहे, आणि घेणारा म्हातारा झाला तरी ‘मुलगा’च राहतो! हे प्रेम नव्हे, हा आईच्या संपण्याचा गौरव आहे, असा आक्षेप आला. १९९५ साली एका धार्मिक नियतकालिकाने या पुस्तकावर विद्वानांचा परिसंवाद घेतला, तेव्हाही एकमत झाले नाही. सिल्व्हरस्टीन १९९९ साली वारला. एक देतो, दुसरा घेतो, अशा दोघांच्या नात्याची ही गोष्ट, यापलीकडे त्याने तात्पर्य सांगितले नाही.

आमच्या मते या वादाची किल्ली पुस्तकातच आहे. प्रत्येक दानानंतर झाड सुखी झाले, असे लेखक सांगतो. खोड दिल्यावर मात्र तेच सांगून तो पुढे जोडतो की, ते सुख खरे नव्हते. वाहवा करणारे आणि रागावणारे, दोघेही बहुधा या जोडीव शब्दांपाशी पुरेसे थांबले नाहीत.

आम्ही तेथे थांबलो, कारण तो सूर आमच्या ओळखीचा आहे. फंडाचा सारा पैसा मुलाच्या घरात घालून बसलेले निवृत्त कामगार आमच्याकडे येतात. “पोरगं सुखात आहे, साहेब,” म्हणतात. मग थोडे थांबून हळूच विचारतात, “कुठं रखवालदाराची जागा आहे का?”

देणे वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. वर्गणी देणाऱ्यांच्या जिवावरच आमची संघटना उभी आहे. पण तेथे आज जो देतो, त्याच्यासाठी उद्या दुसरे देतात. या गोष्टीत मुलगा एकदाही झाडाला पाणी घालीत नाही. आपल्या मुलांना हे पुस्तक जरूर वाचून दाखवा, आणि मिटण्यापूर्वी एवढे विचारा : बाळ, तू असतास तर झाडासाठी काय केले असतेस?