राखून जिंकणे

धाराशिव जिल्हा खो-खोचा. २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे इथल्याच. खो-खोच्या बातमीत निकाल ‘एक गुण आणि तीन मिनिटे राखून’ असा येतो. फरकही कळतो, शिल्लक वेळही. क्रिकेटमध्ये मात्र आधी फलंदाजी करणारा जिंकला तर धावांत, नंतरचा जिंकला तर गड्यांत. दोन्ही एका तराजूत बसत नाहीत.

मला हा नाद लागला एका टेनिस-बॉल स्पर्धेमुळे. आठ षटकांचे सामने. समोरच्या संघाला आम्ही पाच षटकांत ३० धावांत गुंडाळले. आयोजकांनी त्यांची गती ३० भागिले ५ अशी काढली. सर्वबाद संघाची पूर्ण षटके धरायची असतात. म्हणजे षटकामागे ३.७५, सहा नव्हे. आम्ही बाहेर पडलो. वही तेव्हापासून आहे.

वहीतली रीत साधी : पाठलाग करणारा त्याच गतीने पूर्ण षटके खेळला असता तर किती धावा झाल्या असत्या? २ एप्रिल २०११, वानखेडे. श्रीलंका ६ बाद २७४, भारत ४८.२ षटकांत ४ बाद २७७. ‘सहा गडी राखून’, पण माझ्या हिशेबाने जेमतेम १३ धावा. त्याच मैदानावर ७ नोव्हेंबर २०२३ला ऑस्ट्रेलियाने अफगाणिस्तानच्या २९१ धावांना उत्तर देताना ४६.५ षटकांत ७ बाद २९३ केल्या. हिशेब म्हणतो, २२ धावा. म्हणजे हा विजय मोठा! ७ बाद ९१ वरून मॅक्सवेलने केलेल्या नाबाद २०१ धावा ज्याने पाहिल्या, तो माझी वही फेकून देईल.

चूक उघड आहे. तीनच गडी हातात असताना उरलेल्या १९ चेंडूंतही तीच गती राहील, हे मी गृहीत धरले. डकवर्थ आणि लुईस यांनी उरलेली षटके आणि उरलेले गडी एकत्र मोजले. १ जानेवारी १९९७ला हरारेत, झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात त्यांची पद्धत प्रथम वापरली गेली. पावसासाठी केलेली, पण कोरड्या सामन्यालाही उपयोगी. तरी तिच्या तक्त्याने विजयाच्या क्षणीची शिल्लक मोजली, तर ७ बाद ९१ त्यात दिसणारच नाही.

आणि ७ जून १९७५, लॉर्ड्स? इंग्लंड ४ बाद ३३४. भारत ६० षटकांत ३ बाद १३२. गावस्कर १७४ चेंडूंत नाबाद ३६. पराभव २०२ धावांनी, सात गडी न वापरता. षटके संपली की तक्त्यात त्या सात गड्यांची किंमत शून्य. माझ्या वहीत तो रकाना अजून कोराच आहे.