रुमालात बांधलेले राज्य

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम हाती पडला, की त्यापाठोपाठ येणारा विधी म्हणजे कार्यभार सोपविण्याचा. तिजोरीतील शिल्लक मोजावयाची, किल्ल्यांची संख्या लिहावयाची, मेज-खुर्च्यांची यादी पडताळावयाची आणि उभयतांनी एका कागदावर सह्या करावयाच्या. मराठी मुलखापासून दूर नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांस हा विधी इतका अंगवळणी पडलेला आहे, की त्यात काही उणीव असेल अशी शंकाही त्यांच्या मनास शिवत नसेल. आम्हांस ती उणीव कळली ती एका प्रसंगाने. परप्रांतातील एका जिल्हा कचेरीत आम्ही रुजू झालो, त्यापूर्वी दोनच महिने तेथील वृद्ध हेडक्लार्क सेवानिवृत्त होऊन आपल्या गावी गेले होते. पुढे पावसाळ्यात नदीने पात्र बदलले आणि दोन गावांत शिवेचा तंटा उभा राहिला. त्याच जागेविषयी फार वर्षांपूर्वी एक निवाडा झाला होता, असे दोन्ही पक्ष सांगत. पण पंधरा दिवस कपाटे धुंडाळूनही तो कागद सापडेना. अखेर शिपाई त्या गृहस्थांच्या गावी पाठविला. त्यांनी एका वाक्यात उलगडा केला: निवाडा कोणत्याच गावाच्या नावे नसून, पूर्वी तेथे असलेल्या आणि आता बुजलेल्या उताराच्या नावे नोंदलेला आहे. कागद कचेरीतच होता. तो कोठे आहे हे ज्ञान मात्र त्यांच्याबरोबर गावी गेले होते, आणि कार्यभाराच्या यादीत त्या ज्ञानासाठी रकाना नव्हता.

संस्थेचे ज्ञान नेमके कोठे राहते, हा प्रश्न अलीकडे ज्ञानव्यवस्थापन या भारदस्त नावाने चर्चिला जातो व तो या यंत्रयुगाचा प्रश्न आहे असा समज आहे. वस्तुतः मराठ्यांच्या राज्याने तो सोडविण्याचा प्रयत्न केला, काही काळ त्यात यशही मिळविले, आणि पुढे त्यातच त्याची फसगत झाली. ती हकीकत आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

ज्ञान टिकावयाचे तर आधी त्याची भाषा निश्चित व्हावी लागते. छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला, तेव्हा कारभाराची भाषा फारसी-अरबी शब्दांनी इतकी व्यापलेली होती, की ते शब्द ज्याला येत त्याच्याच हाती कारभार राही. महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध झाला. त्यात सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले असून राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत त्यांची मांडणी केली आहे. या कोशाकडे केवळ भाषाभिमानाची कृती म्हणून पाहणे पुरेसे नाही. राज्याच्या कामकाजाचे एकूण किती प्रांत आहेत आणि प्रत्येकात कोणकोणत्या वस्तू व व्यवहार येतात, याची ती पहिली व्यवस्थित यादी होय. सारेच शब्द काही रूढ झाले नाहीत; फडणीस फडणीसच राहिला. परंतु राज्य म्हणजे काय काय, हे एका ग्रंथात एकवार लिहिले गेले.

दुसरी पायरी म्हणजे हुकुमाबरोबर हुकुमाचे कारण लिहून ठेवणे. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमारास करवीर राज्यासाठी लिहिले गेले. शिवकालापासून कारभार पाहिलेल्या वृद्ध मुत्सद्द्याने पुढील पिढीच्या स्वाधीन केलेले ते अनुभवाचे गाठोडे आहे. आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयीचा त्यातील भाग प्रसिद्ध आहे. आंबा, फणस यांची झाडे मालकाच्या संमतीवाचून तोडू नयेत, एवढे सांगून अमात्य थांबत नाहीत. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, ती गेली तर तिच्या दुःखास पार राहत नाही, असे कारणही ते देतात. नुसता हुकूम परिस्थिती बदलताच निरुपयोगी ठरतो. कारण माहीत असले, तर नव्या प्रसंगी नवा हुकूमही योग्य निघतो. आजच्या परिपत्रकांच्या ढिगात हे कारण किती ठिकाणी आढळते, याचा विचार वाचकांनीच करावा.

पेशवाईत पुण्यास हुजूर दफ्तर उभे राहिले, आणि ज्ञानरक्षणाची तिसरी पायरी, म्हणजे मांडणी व पडताळणी, तेथे पूर्णतेस पोहोचली. या दफ्तरात दोनशेंहून अधिक कारकून काम करीत. फडणिसांच्या थेट नजरेखालील ‘चालते दफ्तर’ दैनंदिन कामाचे. त्यात फडाकडे सनदा व हुकूम, बेहड्याकडे जमाखर्चाचे अंदाज, सरंजामाकडे सरदारांच्या नेमणुका, अशी वाटणी होती. ‘एकबेरीज दफ्तरा’त सर्व खात्यांचे हिशेब एकत्र येत व त्यांवरून सबंध राज्याच्या वर्षाच्या जमाखर्चाचा गोषवारा तयार होई, त्यास तर्जुमा म्हणत. कागद महिन्यांप्रमाणे व सालांप्रमाणे लावून कापडी रुमालांत बांधले जात. गावचा हिशेब कुलकर्णी ठेवी आणि परगण्याचा देशपांडे. मामलेदाराचा हिशेब त्यांच्याशी ताडून पाहता येई. एकच गोष्ट निरनिराळ्या हातांनी निरनिराळ्या ठिकाणी लिहिली गेल्यामुळे खोटेपणा लपविणे अवघड होते. नाना फडणिसांच्या काळी ही व्यवस्था उत्कृष्ट होती, अशी साक्ष पुढे दफ्तराची व्यवस्था पाहणाऱ्या मॅक्लिऑड या इंग्रज अधिकाऱ्यानेही दिली आहे.

तथापि या व्यवस्थेत दोन छिद्रे होती. पहिले असे, की तिचा मध्यबिंदू एक व्यक्ती होती. राज्याच्या राजकारणाची अत्यंत महत्त्वाची पत्रे नानांच्या खाजगी संग्रही राहिली. वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यातील दफ्तर हे त्याचेच उदाहरण. पटवर्धनांसारख्या सरदारांचे पत्रव्यवहारही त्या त्या घराण्याच्या घरी. सरकारची स्मृती अशी घराघरांत वाटली गेली होती. १३ मार्च १८०० रोजी नाना निवर्तले, तेव्हा पुण्याचे इंग्रज रेसिडेंट पामर यांनी, मराठी राज्याचा शहाणपणा व संयम त्यांच्याबरोबर गेला, अशा अर्थाचे उद्गार काढले. हे उद्गार आपण नानांची स्तुती म्हणून उद्धृत करतो. पण राज्यसंस्थेच्या दृष्टीने पाहिले तर तो दोषारोप आहे. ज्या राज्याचे शहाणपण एका मनुष्याबरोबर जाऊ शकते, त्याने ते शहाणपण साठविले होते असे कसे म्हणावे?

दुसरे छिद्र अधिक खोल होते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत दफ्तराकडे दुर्लक्ष झाले, कारकुनांचा संच जवळजवळ मोडला आणि लोकांनी कागद वाटेल तसे नेले, असे मॅक्लिऑड यानेच नमूद केले आहे. याचे खापर बाजीरावाच्या स्वभावावर फोडून आपण मोकळे होतो. आमच्या मते कारण निराळे आहे. या काळात मामलती मक्त्याने, सर्वांत चढी रक्कम देणाऱ्यास देण्याची पद्धत पडली. ज्या सरकारला ठरलेली रक्कम मक्तेदाराकडून परभारे मिळते, त्याला कोणत्या गावात किती जमीन लागवडीखाली आहे, विहिरी किती, दुष्काळात सूट किती दिली, हे जाणण्याची गरजच उरत नाही. जाणण्याची गरज संपली, की जाणणारा कारकून खर्चाची बाब ठरतो. संस्था प्रथम आपल्या कामाचे स्वरूप बदलते आणि त्यानंतर तिची स्मृती जाते. हा क्रम ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

१८१८ साली पेशवाई संपली व दफ्तर इंग्रजांच्या हाती आले. त्यांनी ते जतन केले, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु कशासाठी? जमीनमहसुलाचा अंदाज आणि इनामांची छाननी यांसाठी. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला व्यापक अधिकार मिळाले, आणि घरोघरच्या सनदा हुजूर दफ्तराशी ताडून पाहण्यात येऊ लागल्या. ज्या दफ्तराने इनामदाराचा हक्क नोंदविला, तेच आता त्याच्याविरुद्ध साक्षीस उभे राहिले. मग कागदांवरून नवे दावे निघतील या धास्तीने ते कुलपात गेले. पुण्याचे ‘एलिएनेशन ऑफिस’ हे त्याचे नवे घर. माहिती ही सत्ता आहे, हे समजलेल्या सरकारने ती सांभाळली खरी. पण सांभाळणे आणि चालू ठेवणे यांत फार अंतर आहे.

ते अंतर तोडण्याचा उद्योग आपल्या विद्वानांनी केला, आणि तो आमच्या इतिहासातील खरा अभिमानाचा भाग आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी शाहू महाराज व पेशवे यांच्या रोजनिशांतून उतारे निवडले. त्यांचे महत्त्व न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली एका निबंधाने विशद केले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि घराघरांच्या माळ्यांवरील कागद गोळा करीत पायपीट केली. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना त्यांच्याच प्रेरणेने झाली. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस शिक्षकी करीत पटवर्धनी दफ्तर उजेडात आणले. आणि अखेर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हाती पेशवे दफ्तराची किल्ली आली. बडोदे सरकारच्या सेवेत आयुष्य घालवून १९२५ मध्ये निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी, ज्या वयात इतर लोक पेन्शन मोजतात त्या वयात, तीस हजारांहून अधिक रुमाल व फायलींतून निवड करून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले. त्या कामामागे जदुनाथ सरकार या बंगाली विद्वानाचा आग्रह व साहाय्य होते. मराठ्यांच्या कारभारपद्धतीवरचा १९२३ चा मान्य ग्रंथही सुरेंद्रनाथ सेन या बंगाली पंडिताचाच. तेच पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे संचालक झाले. आपले ज्ञान केवळ आपल्याच माणसांनी राखले, हा भ्रम यावरून दूर व्हावा.

परंतु दफ्तर उघडले त्याच सुमारास दुसरे एक कुलूप हळूहळू लागत होते. सारे कागद मोडी लिपीत. छपाईस बाळबोध सोयीची, म्हणून शाळांतून व कचेऱ्यांतून मोडी मागे पडत गेली. कोणी दुष्टपणे काही केले नाही. सोय पाहिली एवढेच. पण दोन पिढ्यांत असे झाले, की पणजोबांच्या हातचे खत नातवाला वाचता येईना व जमिनीच्या वादात मोडी वाचणारा शोधत फिरण्याची पाळी आली. तंजावरास हीच गोष्ट अधिक तीव्रतेने दिसते. तेथील भोसले राजांचा मोडी कागद विपुल आहे. सरफोजी राजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात आपल्या वंशाचा इतिहास मराठीत कोरविला, तो आजही वाचता येतो, कारण तो देवनागरीत व दगडावर आहे. कागदांवरील मोडी मात्र वाचणारे मोजकेच. तेथे तमिळ अभ्यासकांनी त्या कागदांच्या भाषांतराचे काम हाती घेतले, याबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे.

यावरून निष्कर्ष काय निघतो? कागद, मांडणी आणि जाणता वाचक या तिन्ही कड्या मिळून संस्थेची स्मृती होते. एक कडी तुटली की बाकीच्या दोन निरुपयोगी. नानांच्या पश्चात मांडणी गेली, इंग्रजांच्या काळात वाचकास मज्जाव झाला, आणि दार उघडले तेव्हा लिपी जाणणारा वाचकच विरळ झाला होता. आज रुमालांची जागा संगणकाने घेतली आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने कागद राखण्याचे आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ते सूचीसह लावून ठेवण्याचे कर्तव्य सरकारी कचेऱ्यांवर टाकले आहे. कायद्याने दोन कड्यांची तरतूद केली. तिसरी कडी कायद्याने निर्माण होत नाही. जुन्या यंत्रावर साठविलेली फाईल नव्या यंत्रावर उघडत नाही, तेव्हा ती मोडीचीच बहीण असते.

आमचे वाचक आज येथे, उद्या तेथे असे फिरते लोक आहेत. ज्या जिल्ह्यात ते तीन वर्षे राहतात, तेथील नदी, तेथील तंटे, तेथील माणसांचे स्वभाव त्यांना कळू लागतात, तोच हुकूम येतो. अशा वेळी शिल्लक व किल्ल्या सोपविल्यावर आणखी चार पाने लिहून ठेवण्यास कोणाची मनाई नाही: कोणता निर्णय का घेतला, कोणत्या निर्णयात आपली चूक झाली, कोणत्या गावच्या गोष्टीस कोणास विचारावे. अमात्यांनी वृद्धपणी हेच केले. चुका लिहिण्यास मन धजत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु पुढे येणाऱ्याच्या उपयोगी अधिक पडतात त्या चुकाच.

आम्ही त्या कचेरीतून निघालो तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर त्या बुजलेल्या उताराचे नाव लिहून ठेवले, आणि खाली दोन्ही गावांची नावे. त्या वृद्ध गृहस्थांस तसे पत्राने कळविले. त्यांचे उत्तर आले, की आणखी अकरा कागद असेच निराळ्या नावांनी लावलेले आहेत. सोबत त्यांची यादी होती. ती आम्ही त्याच वहीत चिकटविण्यासाठी नव्या अधिकाऱ्यांकडे रवाना केली.